बावीस किलोंचा आवाज

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातील श्रवणसुख मंडळाचा अम्प्लिफायर मार्च महिन्यात, भर बैठकीत, एका द्रुत तानेच्या मधोमध बंद पडला. मृत्यू वार्धक्याने झाला होता, त्यामुळे ठपका कोणावर ठेवता आला नाही. आणि ठपका ठेवल्याशिवाय प्रकरण पुढे कसं न्यायचं याची मंडळात कोणाला सवय नव्हती. मंडळाचे बहुतेक सदस्य सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा जमायचं, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, चिवडा खायचा आणि पूर्वीचं गाणं आता राहिलं नाही असं एकमताने म्हणून घरी जायचं, एवढंच मंडळाचं काम. कामाची रीत मात्र मंत्रालयाची.

गौतम रामटेके यांनी सरळ तोडगा सुचवला. ते रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते आणि त्यांना प्रश्न दिसला की तो सोडवायची घाई होई. खात्यातही त्यांची बढती म्हणूनच रखडली होती, असं म्हणतात.

"आता ते क्लास डीचे छोटे अम्प्लिफायर भेटतात ना," ते म्हणाले. "स्वस्त आहेत, तापत नाहीत, वीज खात नाहीत. एक घेऊन टाकू."

"घेऊन टाकू म्हणजे?" गंगाधरराव म्हणाले. गंगाधरराव बांधकाम खात्यात कार्यकारी अभियंता होते आणि त्यांनी बांधलेला एक पूल अजून उभा आहे. "साऱ्या नोकरीत पाहिलं मी, गौतमभाऊ. डी क्लासवाल्याले कोणी साहेबाच्या कुर्सीवर बसवते का?"

"ते नुसतं नाव आहे जी. ए झाला, बी झाला, सी झाला, मग डी आला."

"तेच तर म्हणून राहिलो मी. शेवटी आला."

गौतमभाऊंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. जुना अम्प्लिफायर म्हणजे दिवसभर नळ वाहता ठेवायचा आणि लागेल तेवढं पाणी बादलीत घ्यायचं, बाकीचं मोरीत. क्लास डी तोच नळ सेकंदाला लाखो वेळा उघडतो आणि बंद करतो, म्हणून पाणी वाया जात नाही. बादली दोन्हीकडे तेवढीच भरते. हे सगळ्यांना समजलं, आणि समजलं म्हणूनच पटलं नाही. इतकी सोपी गोष्ट चांगली कशी असेल?

मंडळाच्या अध्यक्ष इरावतीबाई शिक्षण खात्यातून आल्या होत्या. त्यांनी प्रश्न लेखी मांडून घेतला: ‘अल्प किमतीचे ड वर्गीय ध्वनिवर्धक घरगुती श्रवणयंत्रणेस योग्य आहेत किंवा कसे.’ त्यावर त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. सदस्य गंगाधरराव आणि गौतम रामटेके. समितीचे प्रमुख, अर्थातच, श्यामकांत पात्रीकर. टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजत असताना श्यामकांत नको म्हणायला निमित्त शोधत होते.

आवाजाच्या बाबतीत श्यामकांतांचा शब्द मंडळात अखेरचा मानला जाई. याला दोन कारणं होती. एक, शंकर नगरच्या त्यांच्या घरी बावीस किलो वजनाचा परदेशी अम्प्लिफायर होता, तो सरकवायला दोन माणसं लागत. दुसरं, त्यांनी सारी हयात नापतौल खात्यात, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्यात, निरीक्षक म्हणून काढली होती. अभनपूरच्या आठवडी बाजारात ते जीपमधून उतरले की तराजू आपोआप सरळ होत. लोखंडी वजन नुसतं तळहातावर घेऊन ते किती ग्रॅमने खोटं आहे हे सांगत, आणि सहसा चुकत नसत. ज्याचा हात इतका पक्का त्याचा कानही तितकाच पक्का असणार, असं लोकांनी ठरवलं. हळूहळू श्यामकांतांनीही ठरवलं. निवृत्त माणसापाशी उरतं काय? पेन्शन, रक्तदाबाची गोळी आणि चारचौघांनी एका तरी बाबतीत येऊन विचारणं. पहिल्या दोन गोष्टी तर सगळ्यांनाच मिळतात.

निमित्त शोधायचं कारण असं की तो बावीस किलोंचा अम्प्लिफायर मागच्याच मे महिन्यात वारला होता. दुपारी वीज गेली, आली ती अशी की फ्रिज ओरडला, आणि अम्प्लिफायरमधून निळसर धूर निघाला. मेकॅनिकने झाकण उघडून आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मुलगा नील पुण्याला असतो. त्याने फोनवर फार न ऐकता कुरिअरने एक क्लास डी अम्प्लिफायर पाठवून दिला. पोह्याच्या बशीत बसेल एवढा. श्यामकांतांनी तो तात्पुरता म्हणून जोडला, डोळे मिटून एक भीमपलास लावला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबोरा इतका स्वच्छ त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"बाबा, कैसा है?" नीलने विचारलं. त्याला मराठी समजतं, पण उत्तर देण्याइतका वेळ नसतो.

"ठीक आहे. कामचलाऊ," श्यामकांत म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? त्याच जानेवारीत त्यांनी मंडळात व्याख्यान दिलं होतं, की हे क्लास डीचे डबे म्हणजे मोबाइलचे चार्जर आहेत, फक्त त्यांना गाण्याची हौस आली आहे. लोक खूप हसले होते. एका व्याख्यानाची लाज राखायला माणूस पुढे काय काय करतो ते पाहा.

श्यामकांतांनी जुन्या अम्प्लिफायरची आतडी काढून टाकली आणि रिकाम्या लोखंडी पेटीत नवा डबा बसवला. पुढचे दिवे लागतील अशी सोय केली. पण पेटी आता हलकी झाली होती. मोलकरीण पुसताना ती एका हाताने सरकवू लागली. म्हणून त्यांनी माळ्यावरून चार लोखंडी वजनं काढली, पाच-पाच किलोंची. ही अभनपूरला जप्त केलेली, खालून शिसं काढून पोखरलेली खोटी वजनं. निवृत्तीच्या वेळी ‘आठवण’ म्हणून घरी आली होती. सरकारी माल घरी आला की त्याला आठवण म्हणतात. वजनं आत ठेवल्यावर पेटी पूर्वीसारखी जड लागू लागली. एक उणीव मात्र राहिली. येणारा प्रत्येक पाहुणा पेटीवर हात ठेवून "वा, काय ऊब आहे" म्हणे, आणि क्लास डी काही केल्या तापेना. तेव्हा श्यामकांतांनी आत साठ वॅटचा बल्ब लावला.

"अहो, जो डबा तापत नाही म्हणून पोट्ट्यानं पाठवला, त्याले तापवायले तुम्ही बल्ब लावून राहिले?" मीनलताईंनी विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला असे प्रश्न मोजकेच विचारले होते, पण एकाचंही उत्तर मिळालं नव्हतं.

"लोक हात लावून पाहतात ना."

"मग सांगून टाका ना खरं काय ते."

"सांगीन," श्यामकांत म्हणाले. खात्यात फायलीवर ‘विचाराधीन’ लिहीत, ते आणि हे एकच.

समितीची चाचणी एप्रिलमध्ये, श्यामकांतांच्याच दिवाणखान्यात ठरली. पंख्याचा आवाज ऐकण्यात मिसळू नये म्हणून पंखा बंद. कूलर तर बंदच. रायपूरच्या एप्रिलमध्ये खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलेले चार ज्येष्ठ नागरिक हे दृश्य पाहून मीनलताईंनी आधी पन्हं आणून ठेवलं आणि मग शेजारच्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला. इरावतीबाई निरीक्षक म्हणून हजर होत्या. गौतमभाऊंनी बाजारातून चाचणीसाठी एक क्लास डी अम्प्लिफायर आणला होता. त्यांनी तो पिशवीतून काढला आणि श्यामकांतांना दरदरून घाम फुटला, पण त्या खोलीत तो कोणाच्या लक्षात आला नाही. तीच कंपनी, तोच नमुना, बटणाखाली तोच निळा ठिपका. पेटीच्या आत बल्बशेजारी त्याचा सख्खा भाऊ बसला होता.

आधी पेटी वाजवली. मग तेच गाणं, त्याच स्पीकरवर, त्याच आवाजात, छोट्या डब्यावरून वाजवलं. गाणं संपल्यावरही सगळ्यांनी बराच वेळ डोळे मिटूनच ठेवले. रसिकांत असा वेळ घ्यायची पद्धत आहे.

"जुन्यात तंबोरा ऐकू येतो," गंगाधरराव म्हणाले. "नव्यात नुसत्या तारा."

"जुन्यात गवई समोर बसला आहे," इरावतीबाई म्हणाल्या. "नव्यात तो आला आहे, पण त्याचं मन घरी आहे."

"मले तर दोन्ही सारखेच वाटले," गौतमभाऊ म्हणाले.

खोलीतली हवा आधीच हलत नव्हती. ती आणखी थांबली.

"गौतमभाऊ, जरा ध्यान देऊन ऐकायचं असते," गंगाधरराव म्हणाले.

"दिलं ना जी ध्यान. फरक नाही वाटून राहिला, तर काहून सांगू फरक आहे म्हणून?"

"जन्मभर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकल्या बिचाऱ्यानं," गंगाधररावांनी इरावतीबाईंना हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"सिग्नलमध्ये होतो मी. शिट्टीशी माझा संबंध नव्हता."

मग सगळ्यांनी श्यामकांतांकडे पाहिलं. गौतमभाऊंनीही पाहिलं, आणि त्यांच्या पाहण्यात भरवसा होता. कारण रोज सकाळी बुढा तलावाला तीन फेऱ्या ते या माणसाबरोबर मारत होते. श्यामकांतांनी तोंड उघडलं. खरं बोलायला लागणारे शब्द मोजकेच होते आणि ते सगळे त्यांना येत होते. दारात मीनलताई रिकामे ग्लास घेऊन उभ्या होत्या.

"जुन्यात," श्यामकांत म्हणाले, "अंग आहे."

"अंग. हाच शब्द शोधून राहिलो होतो मी," गंगाधरराव म्हणाले आणि त्यांनी तो लिहून घेतला.

अहवाल बहुमताने मंजूर झाला. ड वर्गीय ध्वनिवर्धकात अंग नसल्याने ते घरगुती श्रवणयंत्रणेस योग्य नाहीत, तसेच श्री. रामटेके यांनी आपली श्रवणक्षमता तपासून घ्यावी, अशी मंडळाची आपुलकीची शिफारस आहे. शिफारशीत ‘आपुलकीची’ हा शब्द श्यामकांतांनी आग्रहाने घालायला लावला. एवढं त्यांनी मित्रासाठी केलं.

मंडळाने मग नव्या खरेदीच्या अटी काढल्या. त्या गंगाधररावांनी लिहिल्या. वजन बावीस किलोंपेक्षा कमी नसावे. पृष्ठभाग स्पर्शास कोमट असावा. अंग असावे. शहरातल्या सगळ्या दुकानांना पत्रं गेली. एकाच दुकानदाराने उत्तर पाठवलं. मंडळाला गीझर हवा आहे का, अशी त्याने अदबीने विचारणा केली होती.

या काळात गौतमभाऊ सकाळी तलावावर दिसेनासे झाले. श्यामकांत दोनदा एकटेच फेऱ्या मारून आले आणि घरी येऊन विनाकारण मोलकरणीवर चिडले. मे उजाडला तेव्हा गौतमभाऊ स्वतःच शंकर नगरला आले. त्यांच्या उजव्या कानामागे गव्हाळ रंगाचं एक यंत्र होतं.

"डॉक्टर म्हणे, वयाच्या मानानं कान चांगलेच आहेत," ते म्हणाले. "पण मंडळाचा कागद दाखवला, तर म्हणे मग लावून पाहा. गंमत अशी आहे पात्रीकर साहेब, का याच्यातही क्लास डीच आहे. माहितीपत्रकात वाचलं मी."

गौतमभाऊंनी दोन्ही अम्प्लिफायर पुन्हा ऐकायला मागितले. चाचणीसाठी आणलेला छोटा डबा इथेच होता. त्यांनी डोळे मिटून, मान पुढे काढून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं.

"अजूनही सारखेच," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग थोड्या वेळाने: "आता घरी दाराची घंटी वाजली तरी मी बायकोले विचारतो, वाजली का म्हणून. फोनवर नात बोलते, तर वाटते आपण भलतंच काही ऐकून राहिलो. स्वतःच्या कानावरच भरोसा राहिला नाही, साहेब. याचं काय करू?"

श्यामकांतांना त्या क्षणी स्वतःची शिसारी आली. बाजारात पारड्याखाली चिंचोका चिकटवणाऱ्या म्हातारीलाही त्यांनी सोडलं नव्हतं, आणि इथे एका भल्या माणसाच्या कानांचं माप ते बसल्या जागी खोटं करत होते. तरीही उद्या बोलू, असं त्यांनी ठरवलं.

उद्याची वेळ मंडळानेच आणली. दुकानांतून अटींत बसणारा अम्प्लिफायर मिळेना, तेव्हा गंगाधररावांनी ठराव मांडला की पात्रीकर साहेबांचाच अम्प्लिफायर उघडावा, आतल्या रचनेचा नकाशा काढावा आणि हुबेहूब तसा दुसरा बनवून घ्यावा. ठराव अर्थातच मंजूर झाला. श्यामकांतांनी आधी फ्यूज उडाल्याचं सांगितलं, मग पाठ धरल्याचं, मग अमावस्येचं. पण स्थळपाहणीची तारीख एकदा कागदावर आली की ती टळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रविवारी सकाळी अख्खी समिती इरावतीबाईंसह दिवाणखान्यात हजर झाली. गंगाधररावांनी स्वतःचा पेचकस आणला होता.

"थांबा," श्यामकांत म्हणाले. त्यांनी पेचकस गंगाधररावांच्या हातून घेतला. "गौतम, ते कानातलं काढ. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. सारखंच ऐकू येत होतं, कारण सारखंच होतं."

आणि त्यांनी झाकण उघडलं. आत छोटा डबा होता, निळा ठिपका होता, पिवळा बल्ब होता आणि चार कोपऱ्यांत चार गंजकी वजनं. श्यामकांतांनी सगळं सांगितलं. धूर, नीलचा डबा, व्याख्यान, बल्ब, वजनं, एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी ते म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं," आणि खाली बसले. मीनलताईंनी पदराने डोळे टिपले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना नवरा आवडला.

गंगाधररावांनी चष्मा बदलला आणि पेटीत वाकून पाहिलं. ते खूप वेळ वाकलेले राहिले.

"हे लोखंड कशासाठी म्हणता?"

"पेटी हलकी लागू नये म्हणून."

"आणि हा बल्ब?"

"गरम लागावी म्हणून."

"हंऽ. तापमान नियंत्रण." गंगाधरराव सरळ झाले. "बाई, आता इकडे ध्यान द्या. आतला डबा तोच, जो गौतमभाऊनं बाजारातून आणला. बरोबर? पण दोघांच्या आवाजात फरक आहे, हे तर आपल्या अहवालात आलं आहे, आणि अहवाल मंजूर झाला आहे. मग फरक कशानं पडला? बाकी राहिलं काय?"

इरावतीबाईंनी पेटीकडे पाहिलं. "लोखंड," त्या म्हणाल्या.

"लोखंड. अंग याच्यातून येऊन राहिलं."

"अहो, लोखंडाचा काही संबंध नाही," श्यामकांत उठून उभे राहिले. "मी सांगून राहिलो ना, फसवलं मी. आवाज दोघांचा एकच आहे. तो छोटा डबाच चांगला आहे, नुसता, एकटा."

"केवढा विनय आहे," इरावतीबाई म्हणाल्या.

"विनय नाही हा, बाई," गंगाधरराव म्हणाले. "साहेब फॉर्म्युला द्यायले तयार नाहीत."

मग तिथल्या तिथे चाचणी झाली. वजनं काढली, आवाज बसला. वजनं ठेवली, आवाज उठला. गंगाधररावांनी एक वजन उलटं केलं आणि त्यांना खालची पोकळी दिसली. ही वजनं पोखरलेली आहेत, म्हणूनच जप्त केली होती, असं श्यामकांतांनी सांगितलं मात्र, गंगाधररावांचा चेहरा उजळला. त्यांनी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून चार सरळ, खरी वजनं मागवली. ती ठेवून ऐकल्यावर आवाज भरीव पण बोथट असल्याचं सिद्ध झालं. पोकळीतूनच घुमारा येत होता. खऱ्या वजनात घुमारा नसतो.

एवढं झाल्यावर सगळे गौतमभाऊंकडे वळले. त्यांनी यंत्र काढून तळहातावर ठेवलं होतं. ते त्यांनी पुन्हा कानामागे नीट बसवलं, गंगाधररावांकडे पाहिलं, इरावतीबाईंकडे पाहिलं.

"फरक आहे," ते म्हणाले.

"किती?"

"जमीन-अस्मानाचा."

टाळ्या झाल्या. श्री. रामटेके यांची श्रवणक्षमता पूर्ववत झाल्याची नोंद घेऊन मंडळाने समाधान व्यक्त केलं, आणि तसं लेखी देण्याचंही ठरलं. श्यामकांत त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले.

"गौतम, काहून खोटं बोललास? मी खरं सांगून टाकलं होतं ना."

"तुमचं खरं कोणी घेतलं का, साहेब?" गौतमभाऊ स्कूटरची किल्ली शोधत म्हणाले. "मग माझं कोण घेईल? घरी सारे माझ्याशी ओरडून बोलतात आता. पंधरा दिवस झाले, कोणी हळू आवाजात काही सांगितलं नाही मले. हा मंडळाचा कागद दाखवला की बंद होईल ते." त्यांनी स्कूटर चालू केली. "तुम्ही खरं बोलले, ते मात्र ऐकू आलं बरं का. तेवढं पुष्कळ आहे."

सुधारित अहवालाने मूळ प्रश्न कायमचा निकालात काढला. अल्प किमतीचे ड वर्गीय ध्वनिवर्धक घरगुती श्रवणयंत्रणेस योग्य आहेत. मात्र त्यांसोबत वीस किलो ओतीव लोखंड, खालून पोखरलेले, आणि एक साठ वॅटचा दिवा असणे आवश्यक राहील. श्यामकांतांना शाल आणि श्रीफळ मिळालं. सत्काराला उत्तर देताना त्यांनी पुन्हा एकदा सगळं खोटं असल्याचं सांगितलं. त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

अहवाल आधी भिलाईला पोचला, मग दुर्गला, बिलासपूरला. पावसाळा संपेपर्यंत रसिकांच्या गाड्या अभनपूरच्या बाजारात उभ्या राहू लागल्या. श्यामकांत एकदा भाजीच्या निमित्ताने तिकडे गेले, तेव्हा तुळशीराम नावाचा जुना व्यापारी त्यांच्या पाया पडला. त्याच्याकडून त्यांनी कधीकाळी वजनं जप्त केली होती.

"साहब, जिस बाट पर आपने जुर्माना ठोका था न, उसी का भाई कल एक डॉक्टर साहब ले गए," तुळशीराम म्हणाला. "माथे से लगाकर ले गए."

तो मांडी घालून बसला होता आणि छिन्नीने एक नवं कोरं वजन खालून पोखरत होता.

"हे तर खरं वजन आहे ना रे?"

"हव साहब. यही चार सच्चे बचे थे. सच्चे को आजकल कोई पूछता नहीं."

आपली वजनं रसिकांना विकून टाकलेली शेजारची बाई विटेने कांदे तोलत होती. विटेचं वजन किती, असं श्यामकांतांनी विचारलं. जेवढं गिऱ्हाईक मानेल तेवढं, असं ती म्हणाली. पूर्वी त्यांनी तिथेच पंचनामा केला असता. आता त्यांनी निमूटपणे एक वीट कांदे घेतले.

त्या दुपारी घरी कोणी नव्हतं. श्यामकांतांनी दार लावलं, पेटी उघडली, चारही वजनं बाहेर काढली, बल्ब काढला आणि तो एवढासा डबा टेबलावर एकटा ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसा. भीमपलास लावला. डोळे मिटले. तंबोरा स्वच्छ होता, स्वर सच्चे होते, कुठे काही खोट नव्हती. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले, जरा विचार केला, आणि एक वजन उचलून डब्याशेजारी ठेवलं. मग दुसरं. मीनलताई बाजारातून परतल्या तेव्हा चारही जागेवर गेली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," श्यामकांत म्हणाले. "जरा अंग कमी वाटून राहिलं होतं."

तुम्ही हसाल. हसायला काहीच हरकत नाही. तुम्ही शहाणे आहात, गोष्ट दुसऱ्यांची आहे. फक्त पुढच्या खेपेला दुकानात मोबाइल, मिक्सर किंवा साधा नळ घ्यायला गेलात आणि दुकानदाराने दोन नमुने पुढे ठेवले, की दोन्ही दोन हातांत घेऊन जरा खाली-वर करून पाहू नका. बघू या, जमतं का ते.